उंदीर किनाऱ्याला लागण्याआधी: बेटांवरील जंगलांच्या राखणदारांना खुले पत्र

प्रति,
बेटांवरील जंगलांची जबाबदारी सांभाळणाऱ्या वनयंत्रणा, बंदर-प्रशासने आणि संवर्धन संस्था

विषय: जहाजांबरोबर येणाऱ्या उंदरांविरुद्ध नुकसानीच्या पुराव्याची वाट न पाहता कायमची तजवीज करण्याबाबत

महोदय, महोदया,

बेटावरच्या जंगलात उंदीर शिरला की तेथील पक्षी, पाली, कीटक आणि झाडे यांचे काय होते, हा आता अंदाजाचा विषय राहिलेला नाही. जगातील सुमारे ८० टक्के द्वीपसमूहांवर उंदीर पोहोचले आहेत आणि उंदीरवर्गीय प्राण्यांच्या आगमनाशी पक्षी, सस्तन प्राणी व सरपटणारे प्राणी मिळून ७५ प्रजातींच्या नामशेष होण्याचा संबंध जोडला गेला आहे. एवढे ठाऊक असूनही, ज्या बेटावर उंदीर नाही तेथे तो येऊ नये म्हणून पैसा मागितला की आधी धोका दाखवा असे म्हटले जाते, आणि जेथे तो आला आहे तेथे आधी नुकसान दाखवा असे म्हटले जाते. या पत्रात माझा आग्रह एकच आहे. कोणत्याही बेटावर उंदीर घातक आहे हे गृहीत धरूनच कामाला लागावे, आणि त्याला धक्क्यावरच अडवण्याचा खर्च दरवर्षीच्या नियमित अंदाजपत्रकात असावा. संकट आल्यावर पुरवणी मागणी करून तो भागवू नये.

पुराव्याची वाट पाहण्याची किंमत काय असते, हे न्यूझीलंडच्या दक्षिणेला स्ट्यूअर्ट बेटाजवळच्या बिग साउथ केप या सुमारे ९०० हेक्टरांच्या बेटाने दाखवून दिले. माओरी लोक त्याला तौकिहेपा म्हणतात आणि समुद्रपक्ष्यांची पिल्ले गोळा करण्याच्या हंगामात ते तेथे जाऊन राहतात. मुख्य भूमीवरून नाहीसे झालेले कितीतरी जीव तेथे तग धरून होते, कारण तेथे उंदीर नव्हते. १९६० च्या दशकाच्या आरंभी कोणत्या तरी बोटीतून काळे उंदीर उतरले आणि १९६४ पर्यंत झोपड्यांपासून जंगलापर्यंत सगळीकडे त्यांचाच सुळसुळाट झाला. हंगामासाठी आलेल्या लोकांनीच ही वर्दी दिली. वन्यजीव खात्यातील काही मंडळींना ताबडतोब निघायचे होते. परंतु उंदीर आले म्हणून पक्षी संपतात हे कोठे सिद्ध झाले आहे, निसर्गात ढवळाढवळ कशाला, असे म्हणणारे शास्त्रज्ञही होते आणि त्यांच्या शब्दाला वजन होते. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये एक तुकडी बेटावर गेली. तिने सॅडलबॅक या पक्ष्याचे ३६ नग पकडून शेजारच्या उंदीरमुक्त बेटांवर हलवले, आणि न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाचा म्हणून ओळखला जाणारा सॅडलबॅक आज जेथे जेथे आहे तेथे तो त्या ३६ पक्ष्यांचाच वंशज आहे. झुडपी रेन पक्ष्यांपैकी थोडे हाती लागले, पण नव्या जागी त्यांचा वंश टिकला नाही. पकडलेले पाणलावे मेले. मोठे आखूडशेपटी वटवाघूळ १९६७ नंतर कोणाला खात्रीने दिसलेले नाही. वाद घालणाऱ्यांना हवा होता तो पुरावा अशा रीतीने मिळाला, पण तोवर त्या पुराव्याचा त्या प्रजातींना काही उपयोग उरला नव्हता.

खरे तर १९६४ मध्येही हा प्रश्न नवा नव्हता. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला असलेल्या लॉर्ड हौ बेटावर जून १९१८ मध्ये माकाम्बो नावाचे जहाज खडकावर आदळले आणि त्यातून काळे उंदीर किनाऱ्यावर गेले. पुढच्या काही वर्षांतच तेथील थ्रश, नाचण, मैनेच्या कुळातील एक पक्षी, चष्मेवाला आणि जेरिगोन असे पाच प्रकारचे जंगली पक्षी, जे जगात अन्यत्र नव्हते, कायमचे गेले. वीतभर लांबीचा तेथील काडीकीटकही संपला असे समजले जात होते. २००१ मध्ये तो जवळच्या समुद्रातून उभ्या वर आलेल्या एका ओसाड सुळक्यावर, एकाच झुडपाच्या आसऱ्याने जगत असलेला सापडला. संपूर्ण बेटावरून हद्दपार झालेली प्रजाती एका झुडपाखाली उरली होती, कारण त्या सुळक्यावर उंदीर पोहोचला नव्हता.

उंदराने केलेला नाश पहिल्या वर्षी कागदावर दिसत नाही, हे आपल्या यंत्रणांनी नीट लक्षात घ्यावे अशी माझी विनंती आहे. जंगलतोड डोळ्यांना दिसते, वणवा उपग्रहातून दिसतो. उंदीर मात्र रात्री फिरतो, अंडे घरट्यातच फोडतो किंवा उचलून नेतो, आणि मागे मोजता येईल असे फारसे काही ठेवत नाही. पक्ष्यांची गणना तर बहुधा आवाजावरून होते. घरट्यात बसलेल्या माद्या मारल्या गेल्या तरी नर गातच राहतात, म्हणून नोंदवहीत जंगल भरलेले दिसते. ढोलीत घरटे करणाऱ्या पक्ष्यांची अवस्था याहून बिकट, कारण ढोलीला तोंड एकच असते आणि उंदीर त्याच तोंडाने आत येतो. अंडी, पिल्ले आणि मादी तिन्ही एका रात्रीत जातात. न्यूझीलंडच्या बीच वृक्षांच्या जंगलातील मोहुआ हा पिवळ्या डोक्याचा पक्षी असाच ढोलीत राहतो. ज्या वर्षी बीच वृक्षांना बियांचा भरघोस बहर येतो त्या वर्षी बिया खाऊन उंदरांची संख्या बेसुमार वाढते, आणि बिया संपल्या की ते सगळे पक्ष्यांकडे वळतात. १९९९-२००० च्या अशाच बहरानंतर माउंट स्टोक्स परिसरातील मोहुआ संपून गेले. बहर येणार की नाही याचा अंदाज महिनोन्‌महिने आधी बांधता येतो. अशा ठिकाणी निधी वार्षिक कोष्टकाप्रमाणे नव्हे तर बहराच्या अंदाजाप्रमाणे सुटावा, एवढी लवचीकता कोणत्याही खात्याला अशक्य नसावी.

हे पक्षी इतके असहाय कसे, असे कोणी विचारले तर त्यांना भित्रे किंवा मूर्ख ठरवण्याआधी ते कोणत्या शत्रूंबरोबर वाढले हे पाहावे लागते. न्यूझीलंडमध्ये समुद्री प्राणी वगळता मूळचे सस्तन प्राणी म्हणजे केवळ वटवाघळे. तेथील शिकारी आकाशातून, डोळ्यांनी भक्ष्य शोधणारे होते, आणि त्यांच्यापासून वाचण्याचा उत्तम मार्ग म्हणजे पालापाचोळ्याच्या रंगात मिसळून निश्चल राहणे. अंधारात वासाच्या मागावर येणाऱ्या प्राण्यापुढे हीच सवय घातक ठरते. काळा उंदीर मूळचा भारतीय उपखंडातला. येथे त्याच्या वाटेवर साप आहेत, घुबडे आहेत, मुंगूस आणि रानमांजर आहे, आणि येथील पक्षी पिढ्यान्‌पिढ्या त्याला ओळखून घरट्याची जागा निवडत आले आहेत. तोच प्राणी ज्या भूमीला त्याची ओळख नाही तेथे उतरला की आपत्ती ठरतो. त्याचा यात दोष काही नाही. त्याला तेथे नेले ते माणसाच्या जहाजांनी, आणि म्हणून निस्तरण्याची जबाबदारीही माणसाचीच आहे.

उंदीर म्हणजे सगळे एकच, असे धरून केलेले आराखडेही माझ्या मते फसवे आहेत. बेटांवर पोहोचलेल्या तीन प्रमुख प्रजाती जंगलाचे तीन वेगवेगळे थर गाठतात. तपकिरी उंदीर अंगाने मोठा, जमिनीत बिळे करणारा आणि पोहण्यात पटाईत असल्यामुळे जमिनीवर व बिळात घरटी करणारे पक्षी त्याच्या तावडीत सापडतात. काळा उंदीर शेंड्यापर्यंत सहज चढतो, म्हणून जंगलातील लहान पक्ष्यांच्या दृष्टीने तोच सर्वांत धोकादायक. तिसरा, पॉलिनेशियन उंदीर किंवा किओरे, आकाराने लहान असल्यामुळे निरुपद्रवी समजला जाई. परंतु हा उंदीर जेथे आहे त्या बेटांवर तुआतारा या सरड्यासारख्या दिसणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्याची पिल्ले क्वचितच वाढताना आढळत, आणि उंदीर काढल्यावर ती पुन्हा दिसू लागली. न्यूझीलंडमध्ये तो सुमारे तेराव्या शतकात माणसाबरोबर आला. काळाचा हा अंदाज त्याने कुरतडलेल्या बियांच्या वयावरून बांधण्यात आला आहे. म्हणजे तेथील जंगल त्याच्या दातांखाली सात शतके आहे.

बियांचा हा मुद्दा संवर्धनाच्या चर्चेत मागे पडतो, कारण लोकांना कळवळा पक्ष्यांचा येतो. प्रशांत महासागरातील पाल्मायरा या प्रवाळबेटावरून २०११ मध्ये काळ्या उंदरांचे उच्चाटन झाले, तेव्हा तोपर्यंत जवळजवळ दिसतच नसलेली पिसोनियासारख्या स्थानिक वृक्षांची रोपे सर्वत्र उगवली आणि काही वर्षांतच स्थानिक रोपांची संख्या ५० पटींहून अधिक झाली. झाडे उभी होती, त्यांना फळे धरत होती, पण पुढची पिढी जन्मालाच येत नव्हती. बाहेरून पाहणाऱ्याला ते निरोगी जंगल वाटले असते. त्याच बेटावर उंदरांच्या रक्तावर जगणारा एका जातीचा परका डासही उंदरांबरोबर नाहीसा झाला, ही कोणी योजनेत धरलेली गोष्ट नव्हती. नारळाची रोपेही वाढली, आणि ती उपटण्याचे नवे काम तेथील लोकांच्या मागे लागले. उंदीर काढला की सगळे आपोआप जागच्या जागी बसते अशी समजूत कोणी करून घेऊ नये म्हणून हे नमूद करतो.

नुकसान किनाऱ्यापाशीही थांबत नाही. हिंदी महासागरातील चागोस द्वीपसमूहात उंदीर असलेली सहा आणि नसलेली सहा बेटे यांची तुलना २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. उंदीरमुक्त बेटांवर समुद्रपक्ष्यांची घनता ७६० पट होती, त्यांच्या विष्ठेतून जमिनीत मुरणारा नायट्रोजन सुमारे २५० पट होता आणि लगतच्या प्रवाळखडकांवरील माशांचे वस्तुमान जवळजवळ दीडपट होते. वनखाते जमिनीचे आणि मत्स्यखाते पाण्याचे अशी आपली विभागणी आहे. उंदराच्या बाबतीत मात्र मत्स्यखात्यानेही वनखात्याच्या खर्चाला हातभार लावणे त्याच्याच हिताचे आहे.

आणखी एक हानी अशी की जिचा संशयही येत नाही. हिंदी महासागरातील ख्रिसमस बेटावर उंदराच्याच दोन स्थानिक प्रजाती होत्या. १८९९ मध्ये हिंदुस्तान नावाच्या जहाजातून काळे उंदीर तेथे आले आणि दहा वर्षांच्या आत त्या दोन्ही प्रजाती लयाला गेल्या. संग्रहालयांत जपलेल्या नमुन्यांच्या जनुकीय तपासणीत पुढे असे दिसले की नवागतांबरोबर आलेल्या परजीवीचा संसर्ग स्थानिक उंदरांना झाला होता. एकही लढाई न होता, आजारानेच या दोन प्रजाती गेल्या असाव्यात.

यावर सोपा उपाय म्हणून दुसरा शिकारी आणून सोडण्याचा मोह प्रत्येक पिढीला होतो, आणि तो पुन्हा होऊ नये यासाठी थोडे लिहिणे भाग आहे. उसाच्या मळ्यांतील उंदीर खावेत म्हणून हवाई बेटांवर १८८३ मध्ये मुंगूस आणले गेले. मुंगूस दिवसा हिंडतो, उंदीर रात्री, त्यामुळे उंदीर राहिले आणि मुंगसे पक्ष्यांची अंडी खाऊ लागली. लॉर्ड हौ बेटावर १९२० च्या दशकात घुबडे सोडली गेली, तरीही उंदीर सुमारे शंभर वर्षे नांदले. असलेला शिकारी काढतानाही विचार लागतो. न्यूझीलंडच्या हौतुरू बेटावरून १९८० मध्ये मांजरे काढली तेव्हा कुक पेट्रेल या समुद्रपक्ष्यांची पिल्ले वाढण्याचे प्रमाण उलट घटले, कारण उंदरांवरचा दाब उठला होता. २००४ मध्ये किओरेही काढल्यावर ते प्रमाण झपाट्याने सुधारले. कामाचा क्रम चुकला तर चांगल्या हेतूनेही हानी होते.

पूर्ण उच्चाटन शक्य आहे, हे गेल्या काही दशकांनी निर्विवाद दाखवले. १९८८ मध्ये न्यूझीलंडच्या १७० हेक्टरांच्या ब्रेकसी बेटावरून उंदीर काढले गेले तेव्हा ते धाडस वाटले होते. २००१ मध्ये ११,००० हेक्टरांहून मोठ्या कॅम्पबेल बेटावर हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकण्यात आले, आणि दक्षिण अटलांटिक महासागरातील दक्षिण जॉर्जिया बेटाचे १,००० चौरस किलोमीटरांहून अधिक क्षेत्र टप्प्याटप्प्याने साफ करून २०१८ मध्ये उंदीरमुक्त घोषित झाले. परंतु या कामात नव्याण्णव टक्के यश म्हणजे अपयश असते. उंदराची मादी सुमारे तीन आठवड्यांत विते आणि पिल्ले तीन-चार महिन्यांत वयात येतात, त्यामुळे थोडे उरले तरी सगळे पुन्हा भरून निघते. पिटकेर्न द्वीपसमूहातील हेंडरसन बेटावर २०११ मध्ये नेमके हेच झाले.

विषाची किंमतही लपवू नये. आमिषात वापरले जाणारे ब्रोडिफाकूम हे विष रक्त गोठू देत नाही. त्याचा परिणाम दिसायला काही दिवस लागतात आणि म्हणूनच उंदीर सावध होण्याआधी पुरेसे आमिष खातात. हे मरण वेदनेचे असते आणि विष खाल्लेले उंदीर खाणारे पक्षीही मरतात. अलास्कातील रॅट आयलंडवर २००८ मध्ये उंदीर संपले, पण त्याबरोबर ४० हून अधिक पांढऱ्या डोक्याचे गरुड आणि ३०० हून अधिक कुरव पक्षी मेलेले आढळले. लॉर्ड हौ बेटावर २०१९ मध्ये मोहीम झाली तेव्हा न उडणाऱ्या वुडहेन पक्ष्यांपैकी बहुतेकांना आधीच पकडून पिंजऱ्यांत ठेवावे लागले, आणि त्याआधी कित्येक वर्षे तेथील मोजक्या रहिवाशांमध्ये या योजनेवरून तीव्र मतभेद होते. अशा विरोधाला अज्ञान म्हणून झटकून टाकणे मला पटत नाही. प्राण्यांच्या वेदनेबद्दल कळकळ असणाऱ्यांना मी एवढेच सुचवीन की त्यांनी धक्क्यावरील तपासणीची मागणी सर्वांत मोठ्याने करावी. मालाच्या खोक्यात सापडलेला एक उंदीर मारला तर एक जीव जातो. तोच उतरून वसला तर पुढे वर्षानुवर्षे सापळ्यांत आणि विषाने हजारो मरतात, आणि शिवाय त्याने खाल्लेले जीव आहेतच.

म्हणून मोहिमेनंतरच्या काळाकडे, आणि मोहिमेची गरज पडलीच नाही अशा बेटांकडे, मी आपले लक्ष विशेष वेधू इच्छितो. मोहिमेला देणगीदार मिळतात, कारण हेलिकॉप्टरचे छायाचित्र छापता येते. रोज सकाळी पिंजरे तपासणाऱ्या माणसाचे कोणी छापत नाही. एकटा उंदीर शोधणे किती अवघड असते याचा न्यूझीलंडमध्ये मुद्दाम प्रयोग झाला. गळ्यात रेडिओ-पट्टा घातलेला एकच तपकिरी उंदीर एका लहानशा उंदीरमुक्त बेटावर सोडण्यात आला. तो तेथे आहे हे माहीत असूनही सापळे, आमिषे आणि कुत्रे यांना चुकवत तो ४०० मीटर समुद्र पोहून शेजारच्या बेटावर गेला आणि १८ आठवड्यांनी हाती लागला. अलास्काच्या प्रिबिलोफ बेटांपैकी सेंट पॉल बेटावर २०१८ मध्ये एकच उंदीर उतरला, तर त्याच्या मागे कित्येक महिने घालवावे लागले. तेथे बंदरावर १९९० च्या दशकापासून पिंजरे कायम मांडलेले आहेत, म्हणूनच तो एक एकच राहिला. लॉर्ड हौवर मोहिमेनंतर दोन वर्षांनी, २०२१ मध्ये, पुन्हा दोन उंदीर सापडले आणि त्यातील मादी गाभण होती. पाळत चालू नसती तर शंभर वर्षांचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागला असता.

तेव्हा प्रत्येक उंदीरमुक्त बेटासाठी आपण पुढील व्यवस्था कराव्यात अशी माझी मागणी आहे. बेटावर जाणारा माल निघण्याच्या बंदरातच उंदीर शिरू शकणार नाही अशा बंद खोलीत तपासून बांधला जावा, आणि रात्री धक्क्याला लागणाऱ्या बोटींच्या दोरखंडांवर उंदरांना अडवणाऱ्या चकत्या असाव्यात. किनाऱ्यावर पाऊलठशांच्या शाईपट्ट्या, कुरतडण्याचे मेणाचे तुकडे आणि स्वयंचलित कॅमेरे वर्षभर राहावेत, व ते ठरलेल्या दिवशी पाहिले गेले की नाही याची नोंद कोणालाही वाचता यावी. जहाज फुटण्याच्या प्रसंगासाठी तेलगळतीचा आराखडा असतो तसा उंदीरगळतीचाही आराखडा असावा, आणि त्यासाठीचे सापळे व आमिष बेटाजवळच साठवलेले असावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, संशयास्पद ठसा दिसताच बैठकीची वाट न पाहता काम सुरू करण्याचा अधिकार आणि तेवढा पैसा स्थानिक अधिकाऱ्याच्या हाती असावा. बिग साउथ केपवरील लोकांनी वर्दी वेळेवर दिली होती. उशीर तिच्यावर निर्णय घेताना झाला.

जेथे उंदीर आधीच आहेत आणि बेट इतके मोठे आहे की सध्या उच्चाटन आवाक्याबाहेर आहे, तेथे उरलेल्या प्रजातींसाठी सलग सापळे लावलेली राखीव क्षेत्रे किंवा कुंपणबंद जंगले राखावीत. जवळची उंदीरमुक्त बेटे त्यांच्यासाठी आश्रय म्हणून आजच निश्चित करावीत. १९६४ मध्ये सॅडलबॅक वाचले याचे कारण ते हलवायला जवळ जागा होती.

पुढील अंदाजपत्रक तयार होण्यापूर्वी आपल्या अखत्यारीतील कोणत्या बेटांवर उंदीर नाहीत, त्या प्रत्येक बेटावर शेवटची तपासणी केव्हा झाली, आणि उद्या तेथे ठसा दिसला तर निर्णय कोण घेईल, या तीन प्रश्नांची उत्तरे आपण जाहीर करावीत, ही विनंती.

कळावे.

आपला विश्वासू,
जंगलांविषयी आस्था असणारा एक नागरिक